कुंकू लावलेला फिल्टर

भांडीकुंडी बोलायची, तेव्हाची गोष्ट. यमुनाक्काकडे पाण्याचा नवा फिल्टर आला. अक्कानं त्याला कुंकू लावलं, वर विणलेला रुमाल घातला आणि घरादाराला बजावलं, "कुणी हात लावायचा नाही!"

फिल्टरला आभाळ ठेंगणं झालं. हंड्यावरच्या पाणी गाळायच्या फडक्याला तो म्हणाला, "तुला रोज आपटून धुतात. मला बघ, देवासारखं ठेवलंय!"

"ठेवू दे बाबा. पण पाण्यातला गाळ तू गिळतोस, तो जातो कुठं?"

दिवाळी गेली, संक्रांत गेली. आतली पाणी गाळणारी पांढरी कांडी काळी पडली आणि तोटीतून थेंब थेंब पाणी येऊ लागलं. अक्का करवादली, "मेल्याला आजच भंगारात देते!"

फिल्टरचा जीव घाबरा झाला. "फडक्या, वाचव रे!"

"आधी तो रुमाल पाड. आत काय साठलंय ते दिसू दे तिला."

फिल्टर लाजत लाजत हलला. रुमाल पडला, झाकण सरकलं. अक्कानं आत डोकावून नाकाला पदर लावला. "अगं बाई! नुसतं पुजत बसले मी!" मग कांडी खसाखसा घासली, भांडं धुतलं.

अंगणात दोरीवर फडकं वाळत होतं, खाली फिल्टर उपडा.

"काय देवा, आज इकडं कुठं?"

"हस लेका. पण पुढल्या आठवड्यात अक्का मला धुवायला विसरली, तर हाक मार, पुन्हा झाकण सरकवीन."