पाच किलोंचा पुरावा

“मग चूक कुठं आहे, ते तरी सांगा.”

शर्वरीने तिसऱ्यांदा विचारलं.  माई तिच्या अहवालाची पानं उलटत होत्या. एकेक पान दोन्ही हातांनी उचलायचं, वाचायचं, हळूच खाली ठेवायचं...

वेदगंगेच्या काठच्या त्या मठात दर सोमवारी बायकांचा दवाखाना चाले. भगवी वस्त्रं घेण्याआधी भागीरथीमाई मिरजेला नर्स होत्या. घर सुटलं, संसार सुटला, दवाखाना काही सुटला नाही. आता त्या ऐंशीला टेकल्या होत्या. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, असं जे असेल ते आसपासच्या गावांतल्या बाया माईंना येऊन सांगत.

डॉक्टर शर्वरी नलवडे ही माईंच्याच हाताखाली शिकलेली. वैद्यकीय शिक्षण घेताना प्रत्येक सुट्टी तिने या मठात काढली होती. पुढे ती पुण्याला गेली, पोटातल्या जिवाणूंवर संशोधन करून तिने नाव काढलं, आणि आता एका कंपनीसाठी तिने कॅप्सूल तयार केली होती. आत पोटाला उपकारक जिवाणू. पोट साफ राहतं, वजन आटोक्यात येतं, पाळीच्या आणि अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारी कमी होतात, असं खोक्यावर छापून झालं होतं. परवा कोल्हापुरात समारंभ होता. तिथं व्यासपीठावरून माईंनी दोन शब्द बोलावेत आणि मठाच्या दवाखान्यात ही कॅप्सूल ठेवावी, एवढंच शर्वरीचं मागणं होतं.

माईंनी चांगलं म्हटलं की तीन तालुक्यांतल्या बाया डोळे मिटून घेणार, हे कंपनीला ठाऊक होतं. शर्वरीलाही.

“किती जणी होत्या?” माईंनी अखेर तोंड उघडलं.

“एकशेवीस. साठ जणींना खरी कॅप्सूल, साठ जणींना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली मिळतेय हे बायकांना माहीत नाही, घरोघर कॅप्सूल देणाऱ्या आमच्या मुलींनाही नाही. तीन महिने. इतकं काटेकोर काम इकडं कुणी करत नाही, माई.”

“शेवटपर्यंत किती राहिल्या?”

“एकशेचार.”

“सोळा जणी?”

“गळाल्या. प्रत्येक अभ्यासात थोड्या गळतातच.”

“का गळाल्या?”

“ते... नंतर कुणी विचारायला गेलं नाही.”

माईंनी पान उलटलं.

“वजन?”

“खरी कॅप्सूल घेणाऱ्यांचं सरासरी नऊशे ग्रॅम उतरलं.”

“आणि दुसऱ्यांचं?”

शर्वरीने पदर सारखा केला. “आठशे.”

बाहेर ओसरीवर बाया आपापसांत बोलत होत्या. कुणाचं तरी बाळ रडून गप्प झालं.

“पोटफुगीत फरक चांगला आहे,” ती घाईने म्हणाली. “ते पान बघा. तो आकडा खरा आहे.”

“बघितलं. तो आहे.” माईंनी मान हलवली. “आणि अंगावरून जाण्याचं कुणी विचारलं?”

“मुलींनी. घरोघरी जाऊन.”

“विचारताना सासू शेजारी बसलेली असायची?”

“...असायची.”

“मग?”

शर्वरीच्या कानशिलांना चटका बसला. पुण्यात मोठमोठ्या सभांत तिने भल्याभल्यांची तोंडं बंद केली होती. इथं सतरंजीवर मांडी घालून बसलेली एक म्हातारी तिला एकेका शब्दात कोपऱ्यात रेटत होती.

“आकडे नकोत ना तुम्हाला?” ती उठून उभी राहिली. “नको तर नको. मी माणूसच आणलंय. परवा व्यासपीठावर तीच असणार आहे. तिला विचारा.”

तिने दाराशी जाऊन हाक मारली. “शेवंताबाई, आत या.”

शेवंताबाई घाटगे निपाणीकडची. वय अठ्ठेचाळीस, घरी विड्या वळायची. अभ्यासात तिचा नंबर सत्तेचाळीस. अभ्यास संपला तरी कंपनीने तिची कॅप्सूल चालूच ठेवली होती, कारण एकशेचार बायकांत तिच्यासारखा गुण कुणालाच आला नव्हता. तीन महिन्यांत एकसष्टाची छप्पन्न किलो झाली होती. जाहिरातीसाठी तिचा फोटोही काढून झाला होता.

ती आत आली, माईंच्या पायावर डोकं ठेवून समोर बसली. बसताना तिने एक हात जमिनीला टेकवला.

“पाच किलो,” शर्वरी म्हणाली. “खरी कॅप्सूल घेणाऱ्यांत होती ही. मी नंतर यादी उघडून पाहिलंय.”

माईंनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग बराच वेळ त्या नुसत्या शेवंताबाईकडे बघत राहिल्या. बसलेले गाल, वर आलेली गळ्याची हाडं...

“बरी आहेस का गं?”

“लई बरी हाय, माई.” बोलताना तिने एकदा शर्वरीकडे पाहिलं.

“पोट फुगतं?”

“आदी लई फुगायचं. आता... तसं कमीच म्हणायचं.” पुन्हा शर्वरीकडे.

“माझ्याकडं बघून सांग. जेवतेस किती?”

“भूकच लागत न्हाई. अर्ध्या भाकरीत पोट भरतंय. औषध लई जालीम हाय डाक्टरीणबाईंचं.”

शर्वरी हसली.

माई हसल्या नाहीत. “परकराची नाडी पुरते का?”

शेवंताबाई ओशाळली. असला प्रश्न तिला कुणी केला नव्हता.

“न्हाई पुरत. गेल्या म्हैन्यात लांब नाडी घातली.”

...

शर्वरीचं हसू जागच्या जागी विरलं. पाच किलोंनी उतरलेल्या बाईला नाडी तोकडी पडत होती.

“शर्वरी, हात धुऊन ये.”

“माई, मी आता पेशंट तपासत नाही. सात वर्षं झाली, माझं सगळं काम प्रयोगशाळेत...”

“हात धुऊन ये.”

तिने धुतले. आतल्या खोलीत माईंनी शेवंताबाईला चटईवर निजवलं, गुडघे दुमडायला लावले. शर्वरी शेजारी बसली. तिने तळहात पोटावर ठेवला, नुसता, वरच्या वर. माईंनी आपला सुरकुतलेला हात तिच्या हातावर ठेवला आणि दाबला.

बेंबीच्या खाली, उजवीकडे, ते लागलं.

घट्ट. गोल. ढकललं तरी न हलणारं.

शर्वरीला हात काढून घ्यायचा होता. वरचा हात काढू देत नव्हता.  याच खोलीत, याच चटईवर, विशीतल्या शर्वरीला माईंनी पोट तपासायला शिकवलं होतं. हाताला काय लागलंय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

“गाठ हाय व्हय?” शेवंताबाईने आढ्याकडे बघत विचारलं. “मला वाटलंच हुतं.”

“कधीपासून?” शर्वरीचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

“आखाडापास्नं. डाक्टरकडं जाणारच हुते. मग तुमच्या पोरी आल्या. म्हणल्या, पोट फुगलंय न्हवं, ह्यानं उतरंल, जरा दम धरा. मग धरला दम.”

“दर आठवड्याला मुली येत होत्या. त्यांना का नाही सांगितलंत?”

“त्यांनी गाठीचं कुठं इचारलं? कागदावर जेवढं लिवलेलं, तेवढं इचारलं.” तिने परकर सावरला. “आन् पोरी पावसापाण्यातनं यायच्या बिचाऱ्या. त्यास्नी बरं न्हाई असं कसं म्हणायचं?”

शर्वरीने तिची चोळी खाली ओढून पोट झाकलं.

“परवा यायचं हाय न्हवं, डाक्टरीणबाई? हिरवी साडी इस्त्री करून ठेवलीया.”

शर्वरी उठली आणि ओसरी ओलांडून अंगणात गेली. आधी तिने कोल्हापूरच्या इस्पितळात फोन लावला, बरोबर शिकलेल्या मैत्रिणीला. आजच्या आज सोनोग्राफी, आजच्या आज दाखल. दुसरा फोन कंपनीला. समारंभ थांबवा, ती म्हणाली. पलीकडचा माणूस आधी हसला, मग चिडला. एका बाईसाठी? पोस्टर लागलीत मॅडम, पाहुणे निघालेत. तिने फोन बंद केला.

माई दाराशी येऊन उभ्या होत्या.

“कॅप्सूलनं हे झालेलं नाही, माई.” शर्वरी जवळजवळ ओरडलीच. “तुम्हालाही माहितीये. असल्या गाठी अशा होत नाहीत.”

“नाही झालं कॅप्सूलनं.”

शर्वरीने श्वास सोडला.

“चार महिने तेवढे गेले,” माई म्हणाल्या आणि आत वळल्या.

संध्याकाळच्या आत शेवंताबाई इस्पितळात दाखल झाली. बीजकोशाची गाठ होती, नारळाएवढी. चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. जवळपास थोडं पसरलंय, सहा इंजेक्शनं द्यावी लागतील, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले. चार महिन्यांपूर्वी आली असती तर किती पसरलं असतं, हे शर्वरीने मैत्रिणीला विचारलं. मैत्रीण म्हणाली, ते कुणीच सांगू शकत नाही. ते उत्तर शर्वरीला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

समारंभ काही थांबला नाही. कंपनीने दुसरा डॉक्टर उभा केला. शर्वरीने आपलं नाव काढून घेतलं आणि नोकरीही सोडली.

मग ती अभ्यासातून गळालेल्या त्या सोळा जणींच्या घरी गेली. एकटी, कागद न घेता. दोघी गाव सोडून गेल्या होत्या. एकीला दिवस गेले होते, म्हणून तिने कॅप्सूल थांबवली होती. तिघींना जुलाब लागले होते; लाजेखातर त्या बोलल्या नव्हत्या, नुसतं दार लावून घेतलं होतं. एकीच्या सासूने डबीच परड्यात पुरून टाकली होती. सोळा घरांनंतर ती उरलेल्या एकशेतीन घरीही गेली. सासवांना चहा ठेवायला पाठवलं. परसात, न्हाणीपाशी, जिथं बाई मोकळी बोलेल तिथं बसली. सत्तेचाळीस नंबरला मात्र ती इस्पितळातच भेटत होती, दर इंजेक्शनाच्या वेळी. शेवंताबाईचे केस गेले होते. “डोस्कं हलकं झालं बघा,” असं ती म्हणायची आणि शर्वरीला हसावं लागायचं.

माघातल्या एका सोमवारी शर्वरी मठात आली. नवा अहवाल तिने माईंच्या पुढ्यात ठेवला. पहिल्याच्या चौथाईसुद्धा नव्हता. वजनावर परिणाम नाही. पोटफुगीवर थोडा गुण, तोही सगळ्यांना नाही. जुलाब आधी धरले होते त्यापेक्षा पुष्कळ जास्त. पाळीच्या आणि अंगावरून जाण्याच्या तक्रारींबद्दल काहीही म्हणता येत नाही, कारण ते नीट पाहिलंच गेलं नव्हतं. शेवटच्या पानावर सत्तेचाळीस नंबरची हकीकत होती, सगळी, शर्वरीच्या स्वतःच्या नावासकट.

माईंनी तो उघडला नाही.

“कुठलंच वैद्यकीय नियतकालिक हे छापायला तयार नाही,” शर्वरी म्हणाली. “छापलं तरी वाचणार कोण? यात सापडलं असं काहीच नाही.”

माईंनी अहवाल उचलून बाजूला ठेवला.

“दहा वर्षं मी लोकांना सांगत आले, माई. पोटात काय असतं, बायकांनी काय घ्यावं, किती दिवस घ्यावं. सभेत उभं राहिलं की तोंडातून आपोआप यायचं.” तिने मान खाली घातली. “आता उभी राहिले तर... सांगण्यासारखं काही उरलेलं नाही माझ्याकडं.”

ओसरीवर पंधरावीस बाया बसल्या होत्या. पहिली आत येऊन उभी राहिली. तरणी पोर होती. तोंडावर पदर, नजर जमिनीला.

माई आपल्या सतरंजीवरून बाजूला सरकल्या. रिकाम्या जागेवर त्यांनी तळहाताने थोपटलं.

शर्वरी त्या जागेकडे बघत राहिली...

“मग आता तिला विचार,” माई म्हणाल्या.