कण्यांची मजुरी

राजे हत्तीवरून फिरत आणि घरोघरी भात मुसळाने कांडला जाई, तेव्हाची ही गोष्ट.

एका राजाच्या कोठारात वीस बायका भात कांडत. मजुरीचा रिवाज जुना होता: अख्खा तांदूळ राजाचा, तुटलेल्या कण्या कांडणाऱ्या बायकांच्या. ऐकायला सरळ, पण मोठा वाकडा रिवाज. त्या बायकांत येसूचा हात सगळ्यांत सफाईदार. तिच्या उखळात दाणा मोडतच नसे, म्हणून संध्याकाळी तिच्या पदरात मूठभर कण्या पडत. बाकीच्यांना थोड्या जास्त, पण पोट कुणाचंच भरत नसे. घरी दोन लेकरं वाट बघत असायची. चांगलं काम करावं आणि उपाशी निजावं, हा कुठला न्याय?

येसू कोठार सांभाळणाऱ्या कोठावळ्याकडे गेली. "दादा, मजुरीत थोडा अख्खा तांदूळ द्या."

"रिवाज म्हणजे रिवाज," कोठावळा ढेरीवरून हात फिरवत म्हणाला. "अख्खा दाणा राजाचा, कणी तुमची. त्यात बदल व्हायचा नाही." पण अशी कामाची बाई हातची जायला नको, म्हणून तो हळूच म्हणाला, "तुला एकटीला देईन रोज शेरभर. बाकीच्यांना कळू देऊ नकोस."

येसूच्या डोळ्यांपुढे पोटभर जेवणारी लेकरं आली. पण एका उखळात दोघींची मुसळं आळीपाळीने पडतात. जोडीण उपाशी असली की तिचा ठेका चुकतो आणि झिणझिण्या दोघींच्या हाताला येतात.

"एकटीला नको," येसू म्हणाली, आणि तिने सगळ्या बायकांना गोळा केलं.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यात मेजवानी होती. बायकांनी सकाळपासून दणादण मुसळं चालवली. दुपारी कोठावळा बघतो तर काय, एक दाणा अख्खा नाही, सगळ्या कण्याच कण्या. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो राजाला घेऊन आला.

"महाराज," येसू म्हणाली, "रिवाजाप्रमाणे हे सगळं आमचं. त्यात बदल व्हायचा नाही, असं दादाच म्हणाले."

राजाला आधी राग आला, मग हसू आलं. "बरं बायांनो, दाणा अख्खा राहायला काय करावं लागेल?"

"कांडलेल्या चार पायल्यांमागे शेरभर अख्खा तांदूळ. सगळ्यांना," वीस जणी एका सुरात म्हणाल्या.

राजाने मान डोलावली. त्या दिवशी पाहुण्यांना भाकरी वाढली गेली, आणि वीस घरांत मऊ मऊ कण्यांचा भात शिजला. दुसऱ्या दिवसापासून कोठारात मोत्यासारखा तांदूळ पडू लागला.

यातून घ्यायचं ते एवढंच: एकटीला गुपचूप मिळते ती मेहेरबानी, सगळ्यांना उघड मिळते ती मजुरी.