तिमीच्या पोटात टाकलेला नांगर

एकदा काय झालं, समुद्र कण्हायला लागला. हो, समुद्रच! आधी पाय पांघरुणात घ्या पाहू, मग सांगते.

दर्याकाठी एक कोळीवाडा होता. तिथे चांगुणा राहायची. तिचा नवरा जोमा दोन धाकट्या भावांना घेऊन होडीतून मासे धरायला गेला होता. तीन दिवस झाले तरी होडी परतली नव्हती. चांगुणा रोज किनाऱ्यावर येऊन बसायची. डोळ्याला डोळा नाही, पोटात अन्न नाही.

चौथ्या दिवशी सकाळी समुद्रातून कुणीतरी कण्हलं, "आई गं, मेलो गं!" बघतात तर काय, डोंगराएवढा मासा! सगळे पळाले. चांगुणा तेवढी पळाली नाही. म्हणाली, "कोन रं तू?"

"मी तिमिंगिलगिल."

हसू नका, अगदी सोपं नाव आहे. तिमी म्हणजे समुद्रातला भला थोरला मासा. त्या तिमीला गिळतो तो तिमिंगिल. आणि त्या तिमिंगिलालाही गिळतो तो तिमिंगिलगिल, बरं का! शेराला सव्वाशेर असतोच. म्हणा पाहू तीनदा. नको, राहू दे, जिभेला गाठ पडायची.

मग तो म्हणाला, "बाई, परवा एक तिमिंगिल गिळला. तेव्हापासून पोटात टोचतंय."

चांगुणाने पाटीभर ओवा आणला, त्यात मूठभर हिंग कालवला आणि त्याच्या तोंडात ओतला. त्याने असा ढेकर दिला की वाळत घातलेली जाळी उडाली. बाहेर पडला तिमिंगिल. तोही कण्हत होता. "मी आधी एक तिमी गिळला होता हो!" मग त्यालाही ओवा. त्याने ढेकर दिला, बाहेर आला तिमी. तो तर रडतच होता. मग त्यालाही ओवा. त्याने एक ढेकर दिला, दोन दिले, तीन दिले. बाहेर काहीच येईना. नुसता वास आला, तळलेल्या बोंबलांचा.

चांगुणा ताडकन उठली. "ह्यो मसाला माज्या हातचा! माजं मानूस आत हाय!"

आत काय झालं होतं सांगू? होडी तिमीच्या तोंडात शिरली आणि अंधार झाला. जोमाला वाटलं, आलो खाडीत, मावळला दिवस. मग कोळी काय करतो? नांगर टाकतो. त्यानेही टाकला. चूल पेटवली, बोंबील तळले आणि तिघे भाऊ सकाळ व्हायची वाट बघत बसले. बसा आता! माशाच्या पोटात कुठली आलीय सकाळ?

तो नांगर तिमीच्या पोटात रुतला होता. "आत आकड्यासारखं टोचतंय," तिमी म्हणाला, तेव्हा चांगुणाने ओळखलं. तो उचलल्याशिवाय होडी सुटणार नव्हती.

तिमीने मोठा आ केला. चांगुणा ओरडली, "अवो, नांगर उचला!" पण आत तिघे, आणि तिघांच्या बायका "अवो"च म्हणायच्या. हा म्हणे तुझी, तो म्हणे तुझी. चांगुणा पुन्हा ओरडली, घसा फाटेस्तोवर. तरी तिघे एकमेकांकडे बोट दाखवत बसले.

तिमीचा जबडा थरथरायला लागला. "बाई, आता तोंड मिटणार. मिटलं की मी चाललो खोल पाण्यात."

त्या गावात बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. उखाण्यात घेतलं तर घेतलं, तेही लाजत लाजत. चांगुणाने पदर खोचला, डोळे मिटले आणि हाक मारली, "जोमाऽऽऽ! नांगर उचल रं!"

लांबून बघणाऱ्या गावाने तोंडात बोटं घातली. आत जोमा इतका दचकला की तवाच पालथा झाला. "आयलो गो!" म्हणत त्याने नांगर ओढला. तिमीने ढेकर दिला आणि होडी धाडकन वाळूवर आली. चांगुणा आधी हसली, मग जोमाचा हात धरून हमसून हमसून रडली.

तिन्ही मासे शेजारी शेजारी पोहत निघून गेले. कुणी कुणाला गिळलं नाही.

सासू म्हणाली, "अगो, चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतलंस?"

चांगुणा म्हणाली, "घेतलं म्हनून तर घरी आला."

 आणि संध्याकाळी सासूचा म्हातारा जेवायला येईना, तेव्हा हळूच तिनेही त्याला नावाने हाक मारून बघितली. म्हातारा धावत आला!

मग सगळे सुखाने नांदले. आता तुम्हीही पांघरुणात नांगर टाका. आणि सकाळी मी नावाने हाक मारीन, तेव्हा एकमेकांकडे बोट दाखवायचं नाही.