सगळ्या टीव्हींवर चालणारा पट

झाडीपट्टीतल्या एका गावात एक फार शिकलेला भोळा होता. त्याचं नाव प्रबोध. ते आईवडिलांनी ठेवलं होतं, त्यात त्याचा दोष नव्हता.

तो साता समुद्रापलीकडे शिकून आला होता. तिथं त्याला एक गोष्ट पक्की शिकवली होती. गावात गेल्यावर आपलं डोकं चालवायचं नाही, लोक सांगतील तसंच करायचं. बाकीचं शिक्षण तो विसरला. एवढं लक्षात राहिलं.

त्या वर्षी गावातला फोटो स्टुडिओ बंद पडला. मालक नागपूरला मुलाकडे राहायला निघाला आणि जाताना एक हार्ड डिस्क प्रबोधच्या हातात देऊन गेला. तिच्यात गावातली लग्नं होती, जत्रा होत्या, शाळेचे कार्यक्रम होते. पण सगळं कच्चं. जुन्या कॅमेऱ्यातून उतरलं तसंच. त्या फाइली कुणाच्याच टीव्हीवर लागत नव्हत्या.

"आई, गावाची स्मृती धोक्यात आहे," प्रबोध म्हणाला.

"आधी जेवून घे," आई म्हणाली.

जेवण झाल्यावर त्यानं दारावर 'ग्रामस्मृती संवर्धन केंद्र' अशी पाटी लावली आणि सगळ्या टीव्हींवर चालतील अशा फाइली करायला बसला. काम सोपं होतं. कॉम्प्युटरला हुकूम द्यायचा आणि हाताची घडी घालून बसायचं. त्यातलं हाताची घडी घालणं त्याला जमलं नाही.

पहिली फाइल मामाच्या लग्नाची. ती टीव्हीवर छान लागली. आईनं थोडा वेळ पाहिली.

"काहून रे, माह्या भावाच्या मंगलाष्टका कुठं गेल्या? निस्ता बँडच वाजून राहिला. बँड काढून टाकत जा."

"बरं," प्रबोध म्हणाला. लोकांचा शब्द तो अंतिम शब्द.

दुसरी फाइल मन्साराम बँडवाल्यांची. जत्रेत त्यांच्या बँडनं बाजी मारली होती, तेव्हाची. मन्सारामनं पाहुणे बोलावले, चहा ठेवला, टीव्ही लावला. पडद्यावर लाल कोट घातलेली माणसं गाल फुगवून उभी होती. आवाज नाही. ढोलवाला ढोलावर काठी मारत होता, जसं काही माशा हाणतोय.

"प्रबोधभाऊ, बँड कुठं आहे जी?"

"काढून टाकला. लोकांची तशी मागणी होती."

मन्सारामनं कपाळाला हात लावला. "अरे बापा, आमची थोबाडं पाहून कोण काय करते? चित्र नसलं तरी चाललं असतं. आवाज पाहिजे, आवाज!"

"बरं," प्रबोध म्हणाला.

तिसरी फाइल शाळेच्या रांगोळी स्पर्धेची. मुख्याध्यापिका गभणेबाईंनी सगळ्या मुलींना वर्गात बसवलं आणि टीव्ही लावला. पडदा काळाकुट्ट. त्यातून फक्त आवाज येत होते. "छान." "हिचा मोर बघा." "वा, काय रंग भरलेत." मुली मान वाकडी करकरून मोर शोधत होत्या. मग बराच वेळ नुसती खुडबूड आणि "माझी चप्पल कुठाय?"

गभणेबाई शांत बाई. त्या म्हणाल्या, "प्रबोध, चित्रही ठेवायचं, आवाजही ठेवायचा. आणि हे चपला शोधणं कशाला दाखवायचं? माणसं उठायला लागली की कार्यक्रम संपला असं समजावं. तिथून पुढचं कापत जा."

"बरं," प्रबोध म्हणाला. आपण शिकतो आहोत, याचं त्याला फार समाधान वाटलं.

एवढ्यात कॉम्प्युटरमधली जागा भरली. प्रबोधनं आईला विचारलं, जुन्या कच्च्या फाइलींचं काय करू?

आई सुपात तांदूळ पाखडत होती. ती म्हणाली, "धान भरडून आणल्यावर टरफलं घरात ठेवते का कोणी?"

"बरं," प्रबोध म्हणाला, आणि त्या दिवसापासून फाइल भरडून झाली की मूळ फाइल हार्ड डिस्कवरूनही पुसून टाकू लागला.

आता चौथी फाइल. ती शंकरपटाची होती, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची. बऱ्याच वर्षांपूर्वी झिटरुजी लांजेवार आणि उदारामजी हटवार यांच्या जोड्या त्या पटात एकदमच शेवटच्या दोरीवर पोचल्या होत्या. पंचाच्या डोळ्यात नेमकी तेव्हाच धूळ गेली. झिटरुजी म्हणाले, मी जिंकलो. उदारामजी म्हणाले, मी. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

तेही चाललं असतं. पण झिटरुजींची पल्लवी आणि उदारामजींचा खेमराज यांना एकमेकांशी लग्न करायचं होतं. दोघांचे बाप तयारही होते. अडलं होतं एवढ्यावरच, की बोलणी करायला आधी कोणी कुणाच्या दारात जायचं.

"जो हरला त्यानं यावं," झिटरुजी घरात बसून म्हणत.

"बरोबर आहे," उदारामजी आपल्या घरात बसून म्हणत. "येऊ दे त्याले."

पल्लवी स्वतः प्रबोधकडे आली. "दादा, या फाइलीत माझं लग्न अडकलं आहे. शेवटच्या दोरीवर कोण पुढे होतं, तेवढं दिसलं की झालं. आणि आतापर्यंत लोकांनी तुम्हाला ज्या ज्या चुका दाखवल्या, त्यातली एकही होऊ देऊ नका."

"एकही नाही," प्रबोध म्हणाला.

आणि त्यानं शब्द पाळला. चित्र ठेवलं. आवाज ठेवला. शेवटाकडे तर त्यानं डोळ्यांत तेल घालून पाहिलं.

समाजमंदिरात मोठा टीव्ही लावला. गाव लोटला. झिटरुजी एका भिंतीला, उदारामजी समोरच्या भिंतीला. पल्लवी आणि खेमराज दाराशी.

पट सुरू झाला. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. जोड्या सुटल्या. कधी पांढरी पुढे, कधी तांबडी. धूळ उडाली. दोरी जवळ आली, अगदी जवळ, आणि पडद्यावरची सगळी माणसं ओरडत उठून उभी राहिली.

पडदा काळा झाला. त्यावर जोडलेले दोन हात आले. खाली लिहिलं होतं, 'धन्यवाद'.



"पुढचं?" झिटरुजींनी विचारलं.

"पुढचं नाही जी. माणसं उठली न."

"मग मूळ फाइल लाव," उदारामजी म्हणाले.

"टरफलं आम्ही ठेवत नाही."

आता इथली माणसंही एकेक करून उठू लागली. ते पाहून प्रबोधनं ओळखलं की कार्यक्रम संपला. त्यानं हात जोडले आणि आभार मानायला सुरुवात केली. "आपण सर्वांनी जो उत्स्फूर्त सहभाग..."

उदारामजींनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"झिटरुजी, काठी आहे का तुमच्यापाशी?"

"आहे न जी."

"मग तुम्ही तिकडून या. मी इकडून येतो."

दोघं निघाले. पुढच्या पंधरवड्यात लग्न लागलं, त्यामुळे आधी कोण कुणाकडे गेलं हा वाद आता उरलेला नाही. प्रबोधपाशी मात्र त्या दिवशी आधी कोण पोचलं, यावर गावात अजून दोन मतं आहेत. शूटिंग कोणी केलं नव्हतं.