बिटाचा मोक्ष

“मग संन्यासाची छाटी आजच मिळेल ना?”

उत्तराने पुन्हा विचारलं.

अक्का मठाच्या औषधांच्या खोलीत बीट चिरत बसल्या होत्या. भगव्या छाटीचा पदर कमरेला खोचलेला, बोटं लालभडक. संध्याकाळच्या कोशिंबिरीची तयारी चालली होती.

“एवढी घाई?”

“घाई नाही, अक्का. तयारी झालीय माझी. माझ्यात आणि जगात काही अंतरच उरलं नाही आता. मधली भिंत गेली. हे आपलं, ते परकं, असं काही नाही. सगळं एकच.”

खाली फाटकाशी स्कूटरचा हॉर्न वाजला.

उत्तरा केवढ्याने तरी दचकली.

अक्कांची सुरी थांबली.

“दचकलं कोण?”

...

“सुहास आलाय,” उत्तरा म्हणाली. “माझा पूर्वाश्रमीचा भाऊ.”

“छाटी मिळायच्या आधीच पूर्वाश्रम?”

उत्तराने मान खाली घातली.

“कशाला आलाय?”

“मला न्यायला. उद्या त्याच्या मुलीचं बारसं. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं असतं. मी येणार नाही म्हणून कळवलं होतं. मला आता सगळीच बाळं सारखी.”

खालून हाक आली. “उत्तू, येतेस की नाही? ब्रह्म भेटलं असेल तर त्यालाही आण. स्कूटरवर पुढे उभं करू त्याला.”

अक्कांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मग बिटाच्या दोन चकत्या उचलल्या आणि नळाखाली धरल्या. सुरीने कापलेल्या कडांचा रंग वाहून गेला, पाणी स्वच्छ येऊ लागलं, तेव्हा त्यांनी दोन पेले मांडले. एकात पाणी ओतलं. दुसऱ्यात जखमा पुसायचं स्पिरिट. दोन्हींत एकेक चकती सोडली.

“कॉलेजात हे शिकवायचीस ना तू?”

“हो. पहिल्या वर्षाला.”

“मग बघत बस.”

अक्कांनी किसणी ओढली. खोलीत नुसता किसण्याचा आवाज.

...

पाणी होतं तसंच राहिलं. स्पिरिट आधी गुलाबी झालं, मग चांगलं लाल. त्यातली चकती फिकी पडत गेली.

“का गं असं?”

“पेशीभोवती एक पापुद्रा असतो, अक्का. स्निग्ध रेणूंचा, दोन पदरी. स्पिरिट त्या रेणूंच्या मधे शिरतं. त्यांची एकमेकांवरची पकड सुटते, पापुद्रा सैल होतो, फाटतो. मग आतला रंग बाहेर.”

“आणि बाहेरचं स्पिरिट?”

“आत.”

“म्हणजे आतलं-बाहेरचं एक झालं.”

“हो.”

“अंतर उरलं नाही.”

“नाही...”

“मग मोक्ष मिळाला म्हणायचा बिटाला.”

उत्तरा पेल्याकडे बघत राहिली. चकती तळाशी मऊ होऊन पडली होती.

“मेलं ते, अक्का.”

“आणि पाण्यातलं?”

“ते जिवंत आहे.”

“मधे भिंत आहे म्हणून?”

“भिंत नाही हो ती.” उत्तराचे हात हलायला लागले. वर्गात शिकवताना हलायचे तसेच. “पापुद्रा वाहता असतो, तेलासारखा. त्याचे रेणू सारखे जागा बदलत फिरत असतात. पाणी त्यातून येतं-जातं. लागेल ते आत घेतो, नको ते बाहेर सोडतो. आपला रंग मात्र...”

ती थांबली.

...

हॉर्न पुन्हा वाजला. या खेपेला उत्तरा दचकली नाही. नुसती खिडकीकडे वळली.

“मुलीचं नाव ठरलंय?” अक्कांनी विचारलं.

“रेवा.”

उत्तर इतकं पटकन आलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

“कधी ठरवलंस?”

“काल.” तिचे कान तापले. “ध्यानात.”

अक्कांना हसू आवरेना. हातातला कीस मांडीवर सांडला. त्यांचं बघून उत्तराही हसू लागली, आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली. खालून सुहास ओरडत होता, “कोण हसतंय? मलाही सांगा की.”

“जाऊ मी, अक्का?”

“पाठ मजबूत ठेव. नाव सांगताना बायका आत्याला धपाटे घालतात.”

उत्तरा उठली, दारापर्यंत गेली आणि घुटमळली.

“पण छाटी...”

अक्का उठल्या. दोरीवर त्यांची दुसरी छाटी वाळत होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. त्यांनी ती काढली, घडी घातली, उत्तराच्या हातावर ठेवली. भगव्यावर त्यांच्या बोटांचे लाल ठसे उमटले.

उत्तराने वर पाहिलं. “मला?”

“रेवाला. गुंडाळायला.”

“तुमची छाटी? ओली करेल ती, अक्का.”

“करेलच.”

उत्तराने ती छातीशी धरली. एक पाय चपलेत, एक बाहेर.

“मग स्वच्छ धुऊन आणते परत. आणि तेव्हा मला...”

“तेव्हा तुलाच,” अक्का म्हणाल्या. “फक्त धुऊन आणू नकोस.”