नवी केस

"...म्हणजे सर, बारीक सुईच परवडते, हे तुम्हालाही पटतं ना?"

डॉ. सारंग दाभोळे पुण्याहून सकाळीच गाडी हाकत कऱ्हाडला आला होता. पोटात, स्वादुपिंडात गाठ असली की तोंडावाटे दुर्बीण घालून आतूनच सुईने नमुना काढतात. बारीक सुई नुसत्या पेशी ओढून घेते. जाड सुई बारकासा तुकडा आणते, पण महाग पडते. यांतली कोणती किफायतशीर, यावर सारंगने निबंध लिहिला होता. सोमवारी तो रुग्णालयाच्या समितीपुढे जायचा होता. त्यावर त्याच्या जुन्या गुरूंची, केळुसकर सरांची सही असली, की कोणाची बिशाद होती नाही म्हणायची!

सर पानं उलटत होते. ऐंशी उलटली तरी चष्मा कपाळावरच.

"वाटवेबाई आठवतात का रे?"

कशा विसरेल? दुर्बिणीच्या खोलीबाहेर, व्हरांड्यात, बाई सूक्ष्मदर्शक मांडून बसायच्या. नमुन्याची ओली काच हवेत हलवत, वाळवत सारंग त्यांच्याकडे धावायचा. पुरेशा पेशी आल्यात का, ते बघायला बाई डोळा लावायच्या... "आहेत" म्हणाल्या, की मगच सर पेशंटला टेबलावरून उठवायचे. "नाहीत" म्हणाल्या, की पुन्हा सुई. त्या एका शब्दासाठी सगळे श्वास धरून उभे असायचे. सारंगला एकदम भरून आलं. काय दिवस होते ते!

"आता बाई कुठे परवडतात, सर," तो हसत म्हणाला. "नमुना लॅबला जातो. आठवड्याने रिपोर्ट."

"आणि अपुरा निघाला तर?"

"पेशंटला परत बोलावतो. पुन्हा उपाशीपोटी दुर्बीण."

"तो या तक्त्यात कुठाय?"

"आहे की! दुसऱ्यांदा आला की नवा केसपेपर निघतो. नवी केस म्हणून धरलाय."

सर पुन्हा पहिल्या पानावर गेले.

"केसेस दोनशे बारा. माणसं किती?"

"माणसं वेगळी नाही मोजली, सर."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. सारंगचा जीव भांड्यात पडला. पण सरांनी टोपण पुन्हा लावून पेन खिशात ठेवलं.

"सर, बैठक सोमवारी आहे हो! एवढ्या लांबून आलोय. पुन्हा सुट्टी नाही मिळायची."

सरांनी कागद नीट जुळवून त्याच्या हातात दिले आणि त्याला दारापर्यंत सोडायला आले. इतक्या वर्षांत त्यांनी सारंगला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. ते फक्त पेशंटला.

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मंगळवारी परत या. रात्रीपासून काही खाऊ नका."