जुईला मूळ फुटेपर्यंत

सांगा बघू पोरांनो. दारात दोघं आली. एक म्हणाला, "काम झालंच समजा." दुसरी म्हणाली, "करते, पण होईल की नाही ते अजून ठाऊक नाही." विश्वास कुणावर ठेवाल? पहिल्यावर ना? मीही ठेवायचे. माझं रोपांचं दुकान नवं होतं, तेव्हा एकानं छातीवर हात ठेवून मला शंभर कुंड्या विकल्या. पहिल्याच पाण्याला चाळीस विरघळल्या. कच्च्या भाजलेल्या होत्या. असो. पाय पांघरुणात घ्या, मग सांगते.

डोंगराच्या पायथ्याला एक राज्य होतं. फार मोठं नाही, बरं का. सकाळी घोड्यावर बसून सगळं फिरलं, तरी माणूस जेवायला घरी. तिथं एक राजा होता आणि राजाला म्हातारी आई होती. सगळे तिला आईसाहेब म्हणत.

आईसाहेब एकेक गोष्ट विसरायला लागल्या. आधी चाव्या विसरल्या, मग वाटा विसरल्या, मग माणसं. एक दिवस खुद्द राजा पुढ्यात येऊन बसला, तर म्हणाल्या, "पाहुणे कुठले हो आपण?"

पण त्यांच्या अंगणात जुईचा वेल होता. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेराहून ओच्यात घालून आणलेला. बारा महिने फुलायचा. आणि त्याचं नवल असं, की त्या जुईचा गजरा माळला की आईसाहेबांना सगळं आठवायचं. राजाला नावानं हाक मारायच्या. लहानपणी त्यानं लोणच्याची बरणी फोडली होती, त्यावरून अजून रागवायच्या. फुलं कोमेजली की पुन्हा, पाहुणे कुठले हो आपण. राजाचं सगळं सुख त्या ओंजळभर फुलांत होतं.

मग एका वर्षी वेलाच्या खोडाला वाळवी लागली. खोड आतून पोकळ झालं. फांद्या एकेक करून वाळायला लागल्या. तसा दुसरा वेल कुठंच नव्हता. हा गेला, की आईला आपला मुलगा पुन्हा कधी ओळखू येणार नव्हता.

राजानं राजमाळ्याला बोलावलं. राजमाळी म्हणाला, "महाराज, असे पन्नास वेल करून देतो." त्यानं सगळ्यात देखण्या फांद्या निवडल्या, कळ्यांनी भरलेल्या, आणि कापून मातीत खोचल्या. चौथ्या दिवशी सगळ्यांनी माना टाकल्या. अरे, जिला अजून मूळ नाही, ती फांदी एवढ्या कळ्या पोसणार कशावर?

मग लांबच्या शहरातून एक जाणकार आला. जरीची पगडी, हातात चांदीची कात्री. त्यानं वीस काड्या कापून लावल्या आणि सकाळ-संध्याकाळ घागरीनं पाणी घातलं. आठव्या दिवशी काय नवल, वीसच्या वीस काड्यांना हिरवी पालवी. राजानं त्याला शालजोडी दिली. तो शाल पांघरून गेलासुद्धा. आणि एकविसाव्या दिवशी सगळी पालवी गळाली. काडी उपटून बघतात तर खाली मूळ नाहीच, बूड काळं पडलेलं. काडीच्या पोटात जुना रस असतो, बरं का. तेवढ्यावर ती पानं काढते आणि माणूस फसतो.

एवढ्या कापाकापीनंतर वेलावर तीनच फांद्या जिवंत उरल्या. फूल एकही नाही. राजा ओट्यावर डोकं धरून बसला.

त्या अंगणात यसू फुलारीण रोज यायची. आईसाहेबांचा गजरा तीच ओवायची, वीस वर्षं. ती म्हणाली, "महाराज, फांदी तिच्या आईपासून, म्हंजे जुन्या वेलापासून, आधी तोडायचीच नसते."

"मग इतके दिवस बोलली नाहीस ती?"

"इचारलं कुणी? पगडी कुठं हाय माझ्या डोक्यावर?"

राजाला एवढ्या दुःखातही हसू आलं. म्हणाला, "कर तुझ्या मनासारखं. तीन फांद्या उरल्यात. जगतील ना?"

"आत्ता कसं सांगू?"

मग यसूनं तीन कुंड्या वेलाच्या बुडाशी आणल्या. अर्धी वाळू, अर्धी माती. एकेक फांदी हळूच खाली वाकवली. पेराच्या खाली साल नखाएवढी खरवडली, तेवढाच भाग मातीत दाबला आणि वर दगड ठेवला. शेंडा बाहेर, दुसरं टोक तसंच आईला जोडलेलं. आई पाजते आहे तोवर लेकरानं मूळ धरायचं. माती ओली ठेवायची, चिखल करायचा नाही. एवढंच.

आठ दिवस झाले. राजानं विचारलं, "मूळ आलं?"

"ठाऊक न्हाई, महाराज."

पंधरा दिवस झाले. शेंड्याला नवं पान आलं. राजा आनंदानं धावत आला. यसू म्हणाली, "पानावर जाऊ नका. ते आईच्या जिवावर आलंय."

विसाव्या दिवशी मात्र राजाला राहवेना. आसपास कुणी नाही असं बघून त्यानं पहिल्या कुंडीवरचा दगड उचलला आणि फांदी जराशी ओढली. टच् असा बारीक आवाज झाला. फांदी हातात आली. तिला दोऱ्यासारखी दोन पांढरी मुळं होती, तीही तुटलेली. माझ्याकडे एक मास्तरीणबाई यायच्या, गुलाबाची काडी रोज उपटून मूळ बघायच्या आणि परत लावायच्या. अकरा काड्या नेल्या त्यांनी. मी विकल्या, पण बाराव्या वेळी हात जोडले.

राजाला वाटलं, फांदी तशीच खोचून ठेवावी. कोण विचारतंय राजाला? पण यसू आल्यावर तो तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, पहिली मी मोडली."

यसूनं ती तुटलेली मुळं हातात घेऊन बघितली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. न्हाईतर पावसाळाभर मी तिलाच पाणी घालत बसले असते. ऱ्हायल्या दोन."

मग वाळवी दुसऱ्या फांदीवर चढली. यसूनं राजाला बोलावून वाळलेली फांदी दाखवली. "ही गेली. ऱ्हायली एक."

त्या एकीला अडीच महिने झाले, तेव्हा वेलाचं खोडही कलायला लागलं. आता तोडणं भाग होतं. यसूनं फांदी आईच्या बाजूनं अर्धीच कापली आणि आठ दिवस थांबली. नवव्या दिवशी राजाला म्हणाली, "आता पुरी कापते."

"चुकलं तर?"

"तर चुकलं म्हणून सांगीन. पण आता आई पडायला लागलीय."

राजानं डोळे मिटले. यसूनं कापली. एक दिवस पानं लोंबली. दुसऱ्या दिवशीही तशीच. राजा कुंडीपाशी बसून राहिला, हात पाठीमागे बांधून. तिसऱ्या दिवशी सकाळी पानं ताठ उभी. यसूनं खाली वाकून बघितलं. कुंडीच्या भोकातून एक पांढरं मूळ बाहेर डोकावत होतं.

"महाराज," ती म्हणाली, "आता ठाऊक झालं."

जुना वेल त्याच आठवड्यात आडवा झाला. नव्या वेलाला पहिल्या कळ्या आल्या त्या यसूनं खुडून टाकल्या, दुसऱ्याही खुडल्या. "आधी मुळं भरू द्यात," म्हणाली. पुढच्या वर्षी वेल मांडवावर चढला आणि तिसऱ्या बहराला तिनं फुलं येऊ दिली. लहानसाच गजरा झाला. आईसाहेबांच्या केसांत माळला. त्यांनी राजाकडे बघितलं, मग जवळ ओढून परत बघितलं.

"मिशा पांढऱ्या झाल्या की रे तुझ्या," त्या म्हणाल्या. "कधी झाल्या? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

 राजा त्यांच्या पायाशी बसला.

मग राजानं यसूला सांगून त्या वेलाची रोपं घरोघर दिली. एका घरचा वेल गेला, तर दुसऱ्या घरचा असावा म्हणून. ज्या ज्या घरी म्हातारी माणसं होती, तिथं नातवंडं त्यांना ओळखीची राहिली. सगळे सुखात नांदले.

झालं. डोळे मिटा आता. उद्या सकाळी आपण परसात तुमच्यासाठी दोन-दोन फांद्या दाबू. कोळशानं भिंतीवर रेघा मारा. किती दाबल्या, किती जगल्या, किती मेल्या. उपटून बघितलीत तर तीही रेघ मारा. मी रागावणार नाही. हिशेब तेवढा खरा ठेवा.